महागडी मोटार आणि महागडे पेट्रोल

आपल्या व्यापारी वर्गात हल्ली मोठ्या परदेशी बनावटीच्या मोटारी बऱ्याच दिसतात. कोणी नवी घेतो, कोणी वापरलेली मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू नव्या मध्यम गाडीच्या किमतीत उचलतो. मग पंपावर प्रश्न उभा राहतो, साधे पेट्रोल भरावे की प्रीमियम? पंपावरचा पोरगा म्हणतो, शेठ, एवढी मोठी गाडी, भारीवालेच घाला. मेकॅनिक म्हणतो, काही फरक पडत नाही. आमच्या मते दोघांचेही ऐकू नये. बहुतेक अशा गाड्यांत पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी असते. तिच्यावरचा ९१, ९५ किंवा ९८ हा आकडाच खरे उत्तर आहे. चिठ्ठी गेली असेल तर गाडीच्या पुस्तकात तो सापडतो.

हा आकडा ऑक्टेनचा. आम्ही कापडवाले सुताचा काउंट बघतो. काउंट मोठा म्हणजे सूत मजबूत, असे कोणी म्हटले तर बाजारात हसे होईल. काउंट मोठा म्हणजे सूत बारीक, एवढेच. ऑक्टेनचेही तसेच आहे. आकडा मोठा म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त असे नव्हे, तर ते दाब जास्त सहन करते. इथेनॉलचेच पाहा. त्याचे ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरेच जास्त, पण लिटरमागे त्यातून मिळणारी ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी.

मग दाब सहन करण्याला एवढे महत्त्व का? इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते व मग प्लगची ठिणगी पडते. टर्बो लावलेल्या, जोरदार इंजिनात हा दाब फार असतो. पेट्रोल कमी ऑक्टेनचे असेल तर मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकतो आणि इंजिनातून टकटक आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिले तर पिस्टनला इजा होते. आजच्या गाड्यांत ते ओळखणारा सेन्सर असतो. तो ठिणगी थोडी उशिरा पाडायला लावतो. इंजिन वाचते, पण जोर कमी होतो आणि पेट्रोलही थोडे जास्त लागते. म्हणजे ज्या ताकदीसाठी लाखो रुपये मोजले, तीच मालक पंपावर गमावतो. सेन्सर नसलेल्या जुन्या गाडीला तर हे संरक्षणही नाही.

म्हणून चिठ्ठीवर किमान ९५ असेल तर ९५ घालावे, तिथे काटकसर नको. ९५ची शिफारस आणि ९१ चालेल असे लिहिले असेल, तर शहरातल्या गर्दीत हळू चालणाऱ्या गाडीला ९१ पुरते. लांबच्या प्रवासाला, भरलेल्या गाडीला ९५ बरे. पण ९१ मागणाऱ्या गाडीत १०० ओतणे ही निव्वळ फिजूलखर्ची. जो दाब तिथे नाहीच, तो सहन करण्याचे पैसे कशाला द्यायचे?

हिशेब सरळ आहे. पेट्रोल आठ टक्के महाग असेल तर खर्च भरून निघायला गाडीने आठ टक्के जास्त अंतर तोडले पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने एक्सपी १०० बाजारात आणले, तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता आणि साधे पेट्रोल ८२च्या आसपास. जवळजवळ दुप्पट! दुप्पट अंतर कोणतीही गाडी देणार नाही. ज्या इंजिनाला ९८ हवे, त्याच्याच मालकाने हा खर्च करावा. त्यातही एक तोड आहे. ९१ आणि १०० निम्मेनिम्मे मिसळले तर साधारण ९५ होते. प्रवासात ९५चा पंप सापडला नाही तर हे ध्यानात ठेवावे.

प्रीमियम या नावावर मात्र जाऊ नये. काही पेट्रोलमध्ये फक्त इंजिन साफ ठेवणारी रसायने जास्त असतात, ऑक्टेन साध्याइतकेच. दुबईत असलेल्या आपल्या नातेवाइकांना विचारा. तिथे पंपावर ९८, ९५, ९१ असे आकडेच ठळक लिहिलेले असतात. आपणही आकडाच विचारावा. अमेरिकेतून आलेल्या पुस्तकात ९१ दिसले तर फसू नये. तिथली मोजण्याची रीत वेगळी आहे आणि त्यांचे ९१ आपल्या ९५च्या जवळपास येते. आणि माल भेसळीचा वाटला तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागावी, तो ग्राहकाचा हक्क आहे.