हलगी वाजत असताना कुणी बोलावं का?

सोलापूरहून वाडीच्या दिशेने गाडी निघाली की थोड्याच वेळात होटगी जंक्शन येतं. इथून एक फाटा विजापूर-गदगकडे वळतो. रेल्वेसारखीच भाषाही इथे दोन वाटांनी जाते. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही, अशी आमच्याकडच्या कितीतरी घरांची रीत आहे. या गावात मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. दोन्ही भाषा येतात आणि आवाज मोठा आहे, त्यामुळे गावात कोणताही कार्यक्रम असो, माईक माझ्याच हातात येई. त्याचा मला अभिमान होता. त्या अभिमानाला एकदा ठेच लागली, आणि तिथून हा लेख सुरू झाला.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या पोरांनी गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी लेझमाचा खेळ बसवला. विषय होता सिद्धरामेश्वरांचा तलाव. सोलापूरच्या सिद्धेश्वर मंदिराभोवतीचं पाणी वाचकांपैकी अनेकांनी पाहिलं असेल. बाराव्या शतकात सिद्धरामांनी लोकांना हाताशी धरून तो तलाव खोदला, अशी परंपरा सांगते. पोरांनी लेझमाचे हात त्यावर बेतले होते. वाकून कुदळ मारणं, पाटी उचलून पुढे देणं आणि शेवटी पाणी लागल्यावर गोल फिरणं. सोबत चार हलग्या, एक ढोल आणि झांजा. निवेदन मी लिहिलं, माझ्याच आवाजात ध्वनिमुद्रित केलं आणि ट्रॅक्टरवरच्या कर्ण्यांतून खेळ चालू असताना लावायचं ठरलं.

चौकात खेळ सुरू झाला. माझा आवाज कर्ण्यांतून घुमू लागला, पण हलगीपुढे शब्द कळेनात. कुणीतरी कर्णा वाढवला. मग हलगीवाल्यांना एकमेकांची हलगी ऐकू येईना. कुणीतरी त्यांना खूण केली, "जरा हळू वाजवा बे, गुर्जींचं ऐकू येईना." हलगी हळू झाली आणि पोरांचे पाय चुकायला लागले. पहिल्या रांगेत पायरीवर बसलेल्या एका आज्जींनी हात वर केला आणि म्हणाल्या, "मात साक्री, गुरुजी." म्हणजे, पुरे झालं बोलणं.

त्यानंतर आठवडाभर गावात याच गोष्टीवर वाद चालला. पोरांचं म्हणणं होतं, शब्द नसतील तर लोकांना हा नेहमीचाच लेझीम वाटेल, तलाव कुणाला दिसणार? हलगीवाल्यांचं म्हणणं, "आमच्या बापजाद्यांनी हलगी वाजवून गाव जागं केलं, आता हलगीनं खाली मान घालून वाजायचं का?" तिसरं म्हणणं त्या आज्जींच्या घरातून आलं आणि ते मला सर्वांत जास्त लागलं. त्यांचा मुलगा म्हणाला, "सिद्धरामांची वचनं कन्नडात आहेत. त्यांची गोष्ट सांगताना तुम्ही आमची भाषाच काढून टाकली. नुसती हलगी वाजली असती तर ती आमचीही होती."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी शोध घ्यायला लागलो, की वाद्यांच्या खेळात बोललेल्या शब्दाची जागा कोणती? हा प्रश्न फक्त आमच्या चौकात पडलेला नाही, हे लवकरच कळलं.

माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. त्याची मुलगी शाळेच्या बँडमध्ये वाजवते. तिच्यामुळे मला 'ड्रम कोअर' नावाच्या प्रकाराची ओळख झाली. पितळी वाद्यं आणि तालवाद्यं घेतलेले दीडशेच्या आसपास तरुण फुटबॉलच्या मैदानावर चालत, पळत, आकृत्या करत दहा-बारा मिनिटांचा खेळ सादर करतात. 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही त्यांची संस्था. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात झाली. पुढची तीस वर्षं तिथे माईक चालत नसे. जो आवाज मैदानावर निर्माण होईल तोच. २००४ मध्ये ध्वनिवर्धकाला परवानगी मिळाली, २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना. माईक आला आणि त्याच्या मागोमाग निवेदन आलं. 'कॅडेट्स' या नामांकित पथकाच्या २००६ आणि २००७ च्या खेळांत वादन चालू असताना बरंच बोलणं होतं. त्यावरून प्रेक्षकांत जे दोन तट पडले, त्यांचा वाद आजही निघतो. एका बाजूचं म्हणणं, आम्ही वाजवणं ऐकायला आलो, भाषण ऐकायला नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, नवख्या प्रेक्षकाला खेळाचा विषय कळायला हवा, आणि माणसाचा आवाज हेही एक वाद्यच आहे.

पुतण्याने पाठवलेली ती चित्रफीत मी मोबाइलवर पाहिली आणि हसूच आलं. आमचा चौक आणि त्यांचं मैदान, भांडण तेच. फरक इतकाच, की त्यांच्याकडे हा प्रश्न माईकबरोबर वीस वर्षांपूर्वी आला. आपल्याकडे तो शेकडो वर्षांपूर्वी येऊन सुटलेलाही होता. आम्हीच ते विसरलो होतो.

आपल्या परंपरांकडे बघा. पोवाडा घ्या. सोलापूर जिल्हा शाहिरांचा, राम जोशी सोलापूरचे आणि अमर शेख बार्शीचे. शाहीर डफावर थाप मारत कवन म्हणतो, मधेच थांबतो, दोन वाक्यं गद्यात सांगतो. तेवढा वेळ डफ हातात असतो पण वाजत नाही, किंवा बोटांनी नुसता जागता ठेवलेला असतो. वाक्य संपलं की थाप पडते आणि झीलकरी उचलतात. गोंधळात तसंच. संबळ आणि तुणतुणं रंगात आलेलं असतं, पण आख्यान सांगायची वेळ आली की मुख्य गोंधळी हात वर करतो, संबळ थांबतं, त्याचा साथीदार मुद्दाम वेडेवाकडे प्रश्न विचारतो आणि गोष्ट पुढे सरकते. गोष्टीला धार आली की संबळ पुन्हा उसळतं.

आमच्या भागातलं सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे पुरवंत. वीरशैव लिंगायत घरांत लग्नकार्याच्या वेळी वीरभद्राचा गुग्गुळ निघतो, त्याच्यापुढे हातात तलवार घेतलेला पुरवंत नाचतो. दक्षाच्या यज्ञात सतीचा अपमान झाला, तिने देह टाकला, शंकराच्या जटेतून वीरभद्र जन्मला आणि त्याने यज्ञ उधळला, ही ती कथा. पुरवंत ती तुकड्यातुकड्यांनी खणखणीत कन्नडात म्हणतो. त्या म्हणण्याला ओडपू म्हणतात. गंमत अशी, की इकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेताना जो उखाणा घेतात त्यालाही कन्नडात ओडपूच म्हणतात. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. घेणारीने तोंड उघडलं की भोवतालचा गलका आपोआप थांबतो.

मी एका म्हाताऱ्या पुरवंतांकडे जाऊन बसलो. आता ते नाचत नाहीत, गुडघे गेलेत. मी माझी फजिती सांगितली. ते म्हणाले, "गुरुजी, संबळ बोलत असताना मी गप्प. मी बोलताना संबळ गप्प. दोघं एकदम बोलले तर देवानं कुणाचं ऐकायचं?" मग त्यांनी बसल्याबसल्या ओडपूच्या चार ओळी म्हटल्या आणि प्रत्येक ओळीनंतर मांडीवर दोन थापा मारल्या. त्या थापांच्या जागी संबळ असतं. थाप पडली की मागची ओळ ऐकणाऱ्याच्या मनात बसते आणि पुढची ओळ म्हणणाऱ्याला श्वास मिळतो. म्हणजे वाद्य तिथे शब्दाला वाट देतं आणि त्याला विरामचिन्हही पुरवतं. माझ्या निवेदनात हे दोन्ही नव्हतं. ध्वनिमुद्रित आवाजाला श्वास घ्यावा लागत नाही, त्यामुळे तो कुणासाठी थांबतही नाही.

थांबण्याला ध्वनिशास्त्राचाही आधार आहे. बोलताना शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. त, स, च, क या ध्वनींची ओळख पटवणारा भाग उंच पट्टीत, साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याची ताकद कमी असते. ढोलाचा घुमारा खालच्या पट्टीत असतो, त्यातून शब्द कसाबसा वाट काढतो. हलगी आणि ताशा यांच्या काडीचा कडकडाट मात्र नेमका त्या उंच पट्टीवर येऊन पडतो. त्यामुळे माणूस बोलतो आहे हे कळतं, काय बोलतो हे कळत नाही. कर्णा वाढवून हे सुटत नाही, कारण मग काडी मार खाते. चौकात माझं झालं ते हेच. जुन्या वाजवणाऱ्यांना हर्ट्झ माहीत नव्हते, पण कान होते. म्हणून त्यांनी आवाज वाढवण्याऐवजी पाळी लावली.

हीच पाळी मला मोठ्या गर्दीतही दिसली. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, हलग्या, सनई, सगळा रस्ता दणाणतो. सिद्धरामांशी लग्न करण्याची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, त्या कथेचा अक्षता सोहळा संमती कट्ट्यावर होतो. तिथे संमतीचं वाचन होतं. इतक्या गजरानंतर ते वाचन येतं, म्हणून त्या शब्दांना वजन आहे. तेच वाचन सगळ्या वाटेवर कर्ण्यातून चालू ठेवलं असतं तर अक्षता पडण्याच्या क्षणाला उरलं काय असतं?

पुण्याच्या ढोल-ताशा पथकांनीही कळत-नकळत हाच नियम पाळला आहे. वादनाआधी एकजण शिवरायांची गर्जना देतो, बाकीचे प्रतिसाद देतात, तोवर ढोल कमरेला गप्प असतात. शेवटचा शब्द पडला की ताशा उचलतो. त्या गर्जनेबद्दल कुणाचं मत काहीही असो, तिची जागा बरोबर आहे.

मात्र पोरांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. दक्ष कोण, सिद्धराम कोण, हे आज वर्गातल्या निम्म्या मुलांना सांगावं लागतं. पुरवंताच्या काळी भोवतालच्या प्रत्येकाला गोष्ट आधीच माहीत असे. तो सांगत नसे, आठवण करून देत असे. आता सांगावं लागतं, ही खरी अडचण आहे. शिवाय आमच्या परिसरात सिमेंटचे कारखाने आहेत, फताटेवाडीचा वीज प्रकल्प आहे. तिथे दूरच्या राज्यांतून आलेली माणसंही मिरवणूक बघायला उभी असतात. त्यांना ना ओडपू कळतो ना माझं मराठी.

पण नेमकी इथेच त्या आज्जींच्या घरातून आलेली तक्रार मला नीट कळली. वाद्याला भाषा लागत नाही, म्हणून हलगीभोवती उभा राहिलेला कुणीही पाहुणा नसतो. तोंडून पहिला शब्द निघाला की भाषा निवडली जाते आणि कुणीतरी बाहेर उभा राहतो. म्हणून बोलणाऱ्याने आधी ठरवायला हवं, की या शब्दावाचून अडतं आहे का? अडत असेल तर थोडकं बोलावं, आणि समोर ज्या भाषेतली माणसं आहेत त्या भाषेत बोलावं. माझं निवेदन नऊ मिनिटांचं होतं. पोरांच्या हातांत कुदळ दिसत असताना मी कर्ण्यातून सांगत होतो, की ही कुदळ आहे.

गेल्या वर्षी पोरांनी तोच खेळ पुन्हा काढला. ध्वनिमुद्रण नव्हतं. सुरुवातीला हलग्या थांबवून मी मराठीत चार वाक्यं बोललो. नंतर कन्नडात चार वाक्यं बोलली ती त्याच आज्जींची नात, बारावीत शिकणारी. तिचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे. मधे एकदाच, पाणी लागण्याच्या आधी, हलगीवाल्यांनी स्वतःहून हात थांबवला. तिने एकच ओळ म्हटली आणि चारही हलग्या एकदम कडाडल्या. पोरं गोल फिरायला लागली.

वाद मिटला असं म्हणणार नाही. काही पोरांना अजूनही कर्णा हवा आहे, आणि एका हलगीवाल्याच्या मते ती एक ओळही जास्तच होती. मी मात्र गर्दीत मागे, पानाच्या टपरीजवळ उभा होतो. तिथून कन्नड ओळ अर्धीच ऐकू आली. हलगी पूर्ण ऐकू आली.