वाद्ये आणि वीज (भाग ११) : हलकी थाप मोजणारा ड्रमसेट

मागच्या भागात आपण ऑक्टोपॅड पाहिला. रोलंड या जपानी कंपनीने १९८५ साली काढलेला पहिला ऑक्टोपॅड स्वतः आवाज काढतच नव्हता. त्याच्या आठ रबरी चौकोनांवर काठी पडली की तो मिडी या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या सामाईक भाषेत संदेश पुढे पाठवायचा आणि आवाज दुसऱ्या यंत्रातून यायचा. पुढच्या मॉडेलांत आवाज आतच आले आणि गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी, लावणीचा कार्यक्रम असे सगळीकडे हे वाद्य रुळले. आज पूर्ण इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटकडे वळू. यात स्नेअर, टॉम, किक, हाय-हॅट आणि सिंबल यांच्या जागी सेन्सर बसवलेले पॅड असतात, आणि त्या सगळ्यांच्या वायरी मोड्यूल नावाच्या एका पेटीत जातात.

नवा सेट बाजारात आला की ड्रमर मंडळींत वाद सुरू होतो. एक म्हणतो, आवाज अगदी स्टुडिओत रेकॉर्ड केल्यासारखा आहे. दुसरा म्हणतो, वाजवताना हाताला काही मिळत नाही. दोघांचेही खरे असते, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. आवाज मोड्यूलच्या मेमरीत साठवलेला असतो आणि मेमरी आता स्वस्त आहे. म्हणून खोक्यावर ‘इतके शे आवाज’ असे ठळक छापणे कुठल्याही कंपनीला परवडते. खरी परीक्षा त्याच्या आधी असते. थाप किती जोरात पडली, मध्यावर पडली की कडेला, ही नवी थाप आहे की आधीच्याच थापेचा थरथराट, हे यंत्राला कळते का? नव्या सेटचे गुणदोष तोलताना मी हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारतो, आणि आवाजांची यादी सगळ्यांत शेवटी पाहतो.

पॅडच्या पोटात असतो पिएझो सेन्सर. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांच्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे पिएर आणि जाक या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवले. तोच गुण इथे कामाला येतो. काठी पडते, पॅड थरथरतो, सेन्सरमधून विजेची लाट निघते, मोड्यूल तिची उंची मोजते आणि त्या मापाचा आवाज वाजवते. मिडीच्या १९८३ सालच्या भाषेत हा जोर १ ते १२७ या आकड्यांत सांगितला जातो. मोड्यूलला एक उंबरठाही ठरवून द्यावा लागतो, कारण त्याखालची थरथर थाप म्हणून धरायची नसते. उंबरठा फार वर ठेवला तर हलकी थाप हरवते. फार खाली ठेवला तर शेजारच्या टॉमच्या धक्क्याने स्नेअर आपोआप वाजते. या दुसऱ्या दोषाला ड्रमर क्रॉसटॉक म्हणतात, आणि सगळे पॅड एकाच लोखंडी रॅकवर कसलेले असले की तो हमखास डोकावतो.

आता पृष्ठभाग. १९८१ साली इंग्लंडमधल्या सिमन्स कंपनीचा एसडीएस-५ आला. त्याचे षटकोनी पॅड त्या दशकातल्या संगीताची ओळख बनले, पण ते पॉलीकार्बोनेटचे, टणक होते. काठीचा धक्का मनगटात आणि कोपरात यायचा आणि वादकांना दुखणी जडली. रबरी पॅडने ते दुखणे कमी केले. मोठा बदल झाला १९९७ साली. रोलंडने टीडी-१० हा पहिला व्ही-ड्रम्स संच आणला आणि त्याच्या पॅडवर मच्छरदाणीसारख्या विणीचा, ताणून कसता येणारा पडदा बसवला. ही जाळी, म्हणजे मेश, रेमो या कंपनीच्या साथीने तयार झाली होती. रेमो ही तीच कंपनी, जिने १९५७ पासून कातड्याऐवजी प्लास्टिकचे पडदे जगभरच्या ड्रमवर चढवले. जाळीतून हवा आरपार जाते, त्यामुळे आवाज फार कमी होतो आणि काठीला खरी उसळी मिळते.

पण ही उसळी खऱ्या पडद्यापेक्षा जास्त असते. स्नेअरवर ते चालून जाते, खालच्या मोठ्या टॉमवर नाही. खरा फ्लोअर टॉम सैल कसलेला असतो, काठी त्यात रुतते आणि ती उचलायला मनगटाची ताकद लागते. फक्त मेशवर रियाज केलेला विद्यार्थी पहिल्यांदा साध्या ड्रमवर बसला की त्याचे डबल स्ट्रोक नेमके तिथेच अडखळतात. म्हणून घरी इलेक्ट्रॉनिक सेट असला तरी आठवड्यातून एकदा तरी खऱ्या सेटवर हात बसवायला हवा, याबद्दल मी ठाम आहे. त्यासाठी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जॅमिंगच्या खोल्या मुंबई-पुण्यात आहेत.

स्नेअरकडे जरा थांबू, कारण ठेक्याचा श्वास तिथे असतो. चांगला ड्रमर दोन ठळक ठोक्यांच्या मधे अगदी पुसट थापा भरतो. त्यांना घोस्ट नोट्स म्हणतात. ऐकणाऱ्याला त्या वेगळ्या ऐकू येत नाहीत, पण काढून टाकल्या तर ठेका कोरडा पडतो. स्वस्त पॅडमध्ये एकच सेन्सर असतो आणि तो पडद्याच्या बरोबर मध्याखाली, फोमच्या शंकूखाली बसवलेला. परिणामी दोन अडचणी येतात. काठी थेट त्या शंकूवर पडली की आवाज अचानक मोठा येतो, आणि काठी कडेला सरकली की पुसट थापा गायब होतात. रोलंडने २०१६ साली टीडी-५० बरोबर १४ इंचांची डिजिटल स्नेअर आणली. तिच्यात अनेक सेन्सर आहेत आणि ती मोड्यूलशी यूएसबीने बोलते. पडद्यावर तळहात टेकवला की तिला तो स्पर्श कळतो आणि क्रॉस-स्टिकचा लाकडी टक् असा आवाज आपोआप येतो. गेल्या काही वर्षांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी सुधारणा हीच आहे. २०२० च्या टीडी-२७ बरोबर ती थोड्या खालच्या किमतीच्या सेटमध्येही आली, तरी तो सेटही सामान्य घराला महागच आहे. आणि तारेचे ब्रश अजूनही मेशवर चालत नाहीत, ते जाळीत अडकतात. जॅझ वाजवणाऱ्याने हे लक्षात ठेवूनच पुढे जावे.

सगळ्यांत अवघड हाय-हॅट. एकमेकींवर ठेवलेल्या दोन सिंबल आणि त्यांना उघडणारा, मिटणारा डावा पाय. उघडी आणि मिटलेली या दोन अवस्थांच्या मधे असंख्य अवस्था आहेत. पूर्ण मिटलेली असतानाही पाय किती दाबला आहे त्यावर आवाज बदलतो. नुसत्या पायाने मिटली तर ‘चिक्’, पाय आपटून लगेच सोडला तर लांबणारा स्प्लॅश. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात लेस्ली गुदिन्हो, फ्रँको वाझ अशा वादकांनी ड्रम वाजवले. त्या काळातली गाणी हेडफोन लावून ऐका आणि फक्त हाय-हॅटकडे लक्ष द्या. मग या वाद्याला काय काय बोलता येते ते कळेल. आता स्वस्त सेट पाहा. एक रबरी पॅड दांड्यावर घट्ट बसवलेला आणि जमिनीवर वेगळे पेडल. पॅड हलत नाही, पायाला सिंबलचे वजन लागत नाही, आणि यंत्राला उघडी, अर्धी, मिटलेली यापलीकडे फारसे काही कळत नाही. वरच्या श्रेणीत पॅड खऱ्या हाय-हॅट स्टँडवर बसतो, पायाबरोबर वरखाली होतो आणि मधल्या पायऱ्या बऱ्याच मोजतो. माझे मत विचाराल तर टॉमचा आकार लहान चालेल, क्रॅश सिंबल एकच असली तरी चालेल, पण हाय-हॅटवर काटकसर करू नये.

राइड सिंबलबद्दल थोडक्यात सांगतो. मधला घुमट, अंग आणि कड असे तीन वेगळे आवाज हवेत. हाताने कड पकडली की झणझणाट थांबायला हवा. तसेच एकाच जागी सलग सोळा थापा मारल्या तर त्या सोळाही तंतोतंत सारख्या येता कामा नयेत. तीच एक ध्वनिफीत पुन्हा पुन्हा वाजली की कानाला ते लगेच खोटे लागते.

उशीर, म्हणजे लेटन्सी, या मुद्द्यावर मात्र निष्कारण भीती पसरली आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. साध्या ड्रमवरही स्नेअरचा आवाज कानापर्यंत यायला दोनेक मिलिसेकंद जातातच. चांगल्या मोड्यूलचा उशीर काही मिलिसेकंदांचाच असतो आणि तो हाताला जाणवत नाही. अडचण येते ती लॅपटॉप जोडून त्यातले सॉफ्टवेअर ड्रम वाजवताना. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाने चालणाऱ्या साउंड कार्डाचा बफर ५१२ ठेवला, तर एकट्या त्या टप्प्यावर ११.६ मिलिसेकंद जातात. तोच १२८ वर आणला की २.९. अनेक तक्रारी या एका सेटिंगने मिटतात, त्यामुळे सेटला दोष देण्यापूर्वी बफर तपासावा.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, शेजारी. निवासी भागासाठी आपल्या नियमांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. साध्या ड्रमसेटचा आवाज वादकाच्या कानाशी सहज १०० च्या वर जातो. फ्लॅटमध्ये तो वाजवणे जवळपास अशक्यच, आणि याच कारणाने बहुतेक घरांत इलेक्ट्रॉनिक सेट येतो. पण ‘आवाज होत नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य अर्धेच खरे आहे. मेशवरची थाप शांत असते, रबरी सिंबलची ठकठक शेजारच्या खोलीत जाते, आणि किकच्या पेडलचा धक्का जमिनीतून, स्लॅबमधून थेट खालच्या मजल्यावर उतरतो. वरच्या घरात काही ऐकू येत नाही आणि खालच्या घरात छताला कुणी मुठी मारत असल्यासारखे वाटते. गालिचा टाकून हे थांबत नाही, कारण हा हवेतला आवाज नव्हे, बांधकामातून जाणारे कंपन आहे. प्लायवुडच्या दोन फळ्यांच्या मधे टेनिसचे चेंडू बसवून त्यावर अख्खा सेट ठेवायचा हा जगभरच्या ड्रमरनी वापरलेला उपाय आहे, आणि कुठलाही सुतार एका दिवसात तसा ओटा करून देतो. त्यानेही धक्का पूर्ण जात नाही, पण खूप कमी होतो. खालच्यांना आधी भेटून वेळ ठरवून घ्या. हे सौजन्य चेंडूंपेक्षाही जास्त उपयोगी पडते.

याच सेटची एक बाजू फारशी बोलली जात नाही, ती म्हणजे कानांचे रक्षण. अमेरिकेतील नायॉश ही व्यावसायिक आरोग्याची संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास सुरक्षित धरते आणि दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी करते. या हिशेबाने १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे उरतात. रोज दोन तास रियाज करणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलासाठी आवाज खाली आणता येणे ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र मुलाच्या हेडफोनचा आवाज किती ठेवला आहे ते पालकांनी स्वतः तो कानाला लावून पाहावे. हेडफोनही कान बिघडवू शकतो.

मंचावर चित्र वेगळे आहे. चर्चमध्ये, हॉटेलात, लग्नाच्या छोट्या सभागृहात ध्वनिसंयोजकाला या सेटचा फार आधार वाटतो. माइक लावायचे नाहीत, ड्रमचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरत नाही, दोन वायरी जोडल्या की काम झाले. दिसण्याची तक्रारही आता कमी झाली आहे, कारण २०२० पासून रोलंडने लाकडी कवचाचे, पूर्ण आकाराचे सेट आणले, आणि २०२२ साली तर ड्रम वर्कशॉप ही साध्या ड्रमची नामवंत अमेरिकी कंपनीच विकत घेतली. पण मंचावरच्या ड्रमरला आपला आवाज स्पीकरमधूनच ऐकावा लागतो. मॉनिटर नीट नसेल तर अंगाला किकचा धक्का लागत नाही, आणि मग वाजवणारा नकळत जोरजोरात मारू लागतो. आयोजकाकडे मोठा मॉनिटर मागून घ्या, त्यात संकोच नको.

दुकानात जाल तेव्हा पहिले काम हे करा. मोड्यूलमधला रिव्हर्ब आणि खोलीचा घुमारा पूर्ण बंद करा. कंपनीने भरलेले आवाज घुमाऱ्यात बुडवलेले असतात आणि त्यात सगळे दोष लपतात. कोरड्या आवाजावर स्नेअरचा एक लांब रोल अगदी हळू सुरू करून जोरात न्या. आवाज सलग चढला पाहिजे, मधे पायरी लागता कामा नये. तोच रोल मध्यापासून कडेकडे सरकवत पाहा. हाय-हॅटवर सलग काठी चालू ठेवून पाय सावकाश मिटवा. फ्लोअर टॉम जोरात मारून दुसरा कुठला पॅड वाजतो का ते ऐका. शेवटी हेडफोन काढून, सोबत आलेल्याला वाजवायला सांगून, नुसती ठकठक किती येते ते ऐका. किमती तीस-चाळीस हजारांपासून काही लाखांपर्यंत जातात. पहिल्या पायरीवर रबरी पॅडचा सेट समोर आला तर तो सोडा आणि पॅड कमी असले तरी मेशचा घ्या. सुटे पॅड, केबल आणि दुरुस्ती आपल्या शहरात मिळते का, हेही बिल करण्याआधी विचारा. हे वाद्य बिघडले तर पडदा बदलून भागत नाही.

बोटांनी वाजवणाऱ्यांसाठी, म्हणजे तबला-ढोलकीच्या हातांसाठी, २००० साली आलेल्या हँडसॉनिकबद्दल पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत ज्यांच्या घरी इलेक्ट्रॉनिक सेट आधीच आहे त्यांनी एक करावे. मोड्यूलमधले ट्रिगर सेटिंग उघडून स्नेअरचा उंबरठा आपल्या हाताप्रमाणे एकदा लावून घ्यावा. तो कारखान्यातून आला तसाच बहुतेक घरांत वर्षानुवर्षे राहतो.