कोल्ह्या-करकोच्यांची शाळा

मराठी वाचनपुस्तकांचा इतिहास चाळताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. छापील मराठीतील अगदी प्रारंभीची कथापुस्तके महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे सिद्ध झाली आणि त्यांतील पात्रे होती कोल्हा, कावळा, सिंह आणि उंदीर!

१७९९ मध्ये राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेल्यावर तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी आपले चित्त विद्येत गुंतविले. तमिळ मुलखात त्यांनी देवनागरी छापखाना उभारला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तेथून सख्खन पंडितांनी केलेला इसापच्या कथांचा अनुवाद 'बालबोध मुक्तावली' या नावाने प्रसिद्ध झाला. १८१५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे वैजनाथ पंडितांचा मराठी 'हितोपदेश' मोडी लिपीत छापला गेला. तो प्रामुख्याने मराठी शिकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी होता. मुंबईत सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांनी केलेले इसापनीतीचे भाषांतर १८२८ मध्ये आले आणि प्राण्यांच्या गोष्टी मराठी शाळेत स्थिरावल्या.

वाचन शिकविण्यासाठी याच गोष्टी का निवडल्या गेल्या असाव्यात? त्यांची रचना पाहिली की उत्तर सापडते. गोष्ट आठ-दहा वाक्यांची, पात्रे दोन-तीन, आणि त्यांचे स्वभाव ठरलेले. कोल्हा लबाड, मुंगी संचयी, सिंह बलाढ्य. पात्रपरिचयात एकही ओळ खर्ची पडत नाही. तेच शब्द पुनःपुन्हा येतात, त्यामुळे डोळ्यांना अक्षरांची सवय होते. शिवाय बहुधा गोष्ट आधीच कानावरून गेलेली असते. अडलेला शब्द मूल अर्थावरून ओळखते. 'पुढे काय झाले?' ही उत्सुकता त्याला ओळीच्या शेवटापर्यंत नेते. अखेरीस येणारे तात्पर्य हा मोठ्यांचा आग्रह. मुलाच्या लक्षात राहतो तो उंच सुरईपुढे उपाशी बसलेला कोल्हा.

आज बदलीच्या निमित्ताने चेन्नई, कोलकाता वा गुवाहाटीस गेलेल्या अनेक कुटुंबांतील मुले मराठी उत्तम बोलतात. परंतु मराठी वाचताना अडखळतात. आजीचे पत्र घरात कोणीतरी त्यांना वाचून दाखवावे लागते. अशा घरी व्याकरणाच्या पुस्तकाआधी इसापनीतीची एक लहानशी प्रत आणावी. रोज रात्री एक गोष्ट प्रथम मोठ्यांनी सांगावी, मग तीच मुलाने बोट ठेवून वाचावी. परमुलखात मराठी जपण्याचा हा मार्ग तंजावरइतका जुना आहे.