तळवे पाहा, दातही पाहा

हिंगोलीच्या काळ्या मातीत अनवाणी हिंडणाऱ्या पोरांच्या टाचा फुटतातच. त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या मुलाचे तळहात-तळपाय लाल, जाड झाले, थंडीत भेगाळले, तरी घरचे मलम लावून मोकळे होतात. पुढे दात हलू लागतात. ‘दुधाचेच आहेत, पडायचेच.’ पण दुधाचे दात सहाव्या वर्षाच्या सुमारास, मूळ झिजून पडू लागतात. चौथ्याच वर्षी अख्ख्या मुळासकट दात हातात आला आणि तळवेही जाड असतील, तर पापियाँ-लफेव्र सिंड्रोमची शंका घ्यावी.

१९२४ साली दोन फ्रेंच डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं. दहा लाखांत एक ते चार जणांना तो होतो. यामागचं जनुक १९९९ मध्ये सापडलं. ते कॅथेप्सिन-सी नावाचं विकर (एन्झाइम) तयार करतं आणि पांढऱ्या रक्तपेशींमधली जंतुनाशक विकरं या विकरामुळेच कामाला लागतात. जनुकातल्या दोषामुळे कॅथेप्सिन-सी नसलं की पेशी हिरडीत जमतात, पण जंतू हटत नाहीत. सूज वाढत जाते आणि दाताला धरून ठेवणारं जबड्याचं हाड झिजतं. एक्स-रेत दात अधांतरी दिसतात.

फसवणूक पुढेच आहे. दात पडले की हिरडी आपोआप बरी होते आणि दुखणं गेलं असं वाटतं. मग कायमचे दात येतात, पुन्हा तेच. उपचार झाले नाहीत, तर पंधरा-सोळाव्या वर्षी तोंडाचं बोळकं.

आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक, पण स्वतः ठणठणीत असतात. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. आपल्याकडे आते-मामे भावंडांची लग्नं होतात, त्यातून ही गाठ पडण्याचा संभव वाढतो. नात्यात लग्न नसलं तरी आजार होऊ शकतो. आणि दोष दोघांकडून येतो, म्हणून एकट्या सुनेला बोल लावणं निव्वळ अडाणीपणा.

जनुक दुरुस्त करता येत नाही. त्वचेसाठी युरियाचं मलम, गरजेनुसार रेटिनॉइड गोळ्या. दातांसाठी वारंवार सफाई, प्रतिजैविकं, न वाचणारे दात वेळीच काढणं, मग कवळी. इम्प्लांट जबड्याची वाढ पुरी झाल्यावरच.

त्वचेचा डॉक्टर तोंड उघडायला सांगत नाही, दाताचा डॉक्टर तळवे बघत नाही; निदान इथेच निसटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि तळवे आणि दात दोन्ही एकाच वेळी दाखवा.