विश्लेषण : सहाव्या क्रमांकाच्या भारतीय महिला हॉकी संघाचे ऑलिम्पिक रांचीत कसे हुकले?

रांची येथील ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत शुक्रवारी तिसऱ्या स्थानाच्या लढतीत जपानने भारताला १-० असे हरवले आणि पॅरिसचे दार बंद झाले. टोक्योत चौथ्या आलेल्या, जागतिक क्रमवारीत तेव्हा सहाव्या असलेल्या संघाला घरच्या मैदानावर आठ संघांतून पहिल्या तिघांतही येता आले नाही. जर्मनी, अमेरिका आणि जपान पॅरिसला पात्र ठरले.

ही वेळ मुळात का आली?

ऑलिम्पिकमध्ये १२ संघ खेळतात. यजमान आणि पाच खंडांचे विजेते थेट जातात. उरलेल्या सहा जागा रांची आणि व्हॅलेन्सिया येथील पात्रता स्पर्धांतून, प्रत्येकी तीन. आशियाची थेट जागा हांगझोऊ आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकाला होती. तिथे उपांत्य फेरीत चीनने भारताला ४-० असे नमवले. कांस्यपदक मिळाले, पण ऑलिम्पिकच्या दृष्टीने त्याचा काहीच उपयोग नव्हता.

रांचीत नेमके काय बिघडले?

पहिल्याच सामन्यात १५व्या क्रमांकाच्या अमेरिकेने ०-१ असा धक्का दिला. त्यानंतर न्यूझीलंडवर ३-१, इटलीवर ५-१ असे विजय मिळाले आणि गाडी रुळावर आली. उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध ५७व्या मिनिटाला १-२ अशी पिछाडी होती. ५९व्या मिनिटाला इशिका चौधरीने बरोबरी साधली. शूटआऊटमध्ये मात्र जर्मनीने ४-३ अशी बाजी मारली. शूटआऊटमध्ये २३ मीटर रेषेवरून निघालेल्या खेळाडूला गोलरक्षकाला चकवण्यासाठी आठच सेकंद मिळतात. तेथवरचा खेळ पाहता हा पराभव समजण्यासारखा होता. दुसऱ्या दिवशीचा नव्हता.

जपानविरुद्ध नऊ पेनल्टी कॉर्नर, गोल शून्य?

सहाव्या मिनिटाला काना उराताने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला. भारताला नऊ पेनल्टी कॉर्नर मिळाले; एकही गोलात गेला नाही. यातली गोम नियमात आहे. गोलखांबापासून १० मीटरवरून चेंडू आत ढकलला जातो, तो १४.६३ मीटरच्या वर्तुळाबाहेर जाऊन थांबवला जातो आणि मग गोलावर मारला जातो. बचावाला गोलरक्षकासह फक्त पाच जणी. पहिला प्रयत्न जोरदार फटक्याचा असेल, तर गोलरेषा ओलांडताना चेंडू ४६० मिलिमीटरपेक्षा वर असून चालत नाही, म्हणजे गोलमागच्या फळीइतकाच. ड्रॅगफ्लिकला ही मर्यादा नाही. चेंडू थेट वरच्या कोपऱ्यात जाऊ शकतो. म्हणूनच भरवशाची ड्रॅगफ्लिकर सोन्याच्या मोलाची. टोक्योच्या उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाला घरी पाठवणारा गोल गुरजित कौरने पेनल्टी कॉर्नरवरच केला होता. रांचीच्या संघात ती नव्हती. निवडीवर प्रश्न विचारले जातील ते इथेच, आणि ते रास्त आहेत.

दुखापतग्रस्त वंदना कटारियाची उणीवही भासली. पण केवळ नशिबाला बोल लावता येणार नाही. याच मैदानावर नोव्हेंबरमध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात भारताने याच जपानला ४-० असे लोळवले होते. तेव्हा संधींचे गोल झाले होते.

बाकावरचे योगायोग

जपानचे तेव्हाचे प्रशिक्षक ज्यूड मेनेझेस मूळचे मुंबईचे. २०००च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये ते भारतीय संघात गोलरक्षक होते. भारताच्या तेव्हाच्या प्रशिक्षक यानेके शॉपमन यांनी त्याआधी अमेरिकेच्या महिला संघाला घडवले. त्याच संघाने सलामीला भारताला हरवले.

आता पुढे काय?

१९८०नंतर भारतीय महिलांना ऑलिम्पिकसाठी तब्बल ३६ वर्षे, थेट २०१६च्या रिओपर्यंत थांबावे लागले होते. रिओ, टोक्यो अशी लागलेली माळ आता तुटली. ऑलिम्पिकचा प्रवेश गेला की प्रायोजक आणि प्रेक्षक दोन्ही पातळ होतात, हा महिला हॉकीचा जुना अनुभव आहे. साताऱ्याची वैष्णवी फाळके, झारखंडची सलीमा टेटे, दीपिका या विशीतल्या खेळाडूंना २०२८ची वाट पाहता येईल. तेव्हाची कर्णधार सविता पुनिया त्या वेळी ३३ वर्षांची होती. लॉस एंजलिसच्या वेळी ती ३८ची असेल.