अर्धवेळ कार्यकर्ते आणि प्रकल्पाचे वेळापत्रक

‘अर्धवेळ’ हा शब्द आपल्या कार्यालयीन व्यवहारात इतका रुळला आहे की, त्याच्या अर्थाविषयी सहसा कोणास शंका येत नाही. तथापि एखाद्या प्रकल्पाचे वेळापत्रक संगणकावर आखावयास बसले म्हणजे या एका शब्दात दोन भिन्न अर्थ नांदत असल्याचे दिसून येते. पहिला अर्थ परिमाणाचा : पूर्णवेळ माणसाच्या निम्मे श्रम. दुसरा अर्थ काळाचा : दिवसाचा वा आठवड्याचा ठरावीक भाग. बोलणाऱ्यास हा भेद सांगावा लागत नाही. यंत्रास तो सांगावाच लागतो. तो चुकीच्या जागी सांगितला गेल्यास वेळापत्रक दिसावयास निर्दोष, परंतु वस्तुतः खोटे ठरते.

संगणकाच्या साह्याने प्रकल्प आखण्याच्या पद्धती १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत उदयास आल्या. ड्यू पाँ या रसायन-कंपनीने कामांतील निर्णायक मार्ग शोधण्याची पद्धती वापरात आणली, तर तेथील नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ ही पद्धती विकसित केली. कोणत्या कामामागून कोणते काम व्हावे, हा या पद्धतींपुढील मुख्य प्रश्न होता. माणसे हवी तेव्हा उपलब्ध असतील, हे बव्हंशी गृहीत होते. आजच्या मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र माणसांचीही नोंद होते, आणि तिचा पाया एका साध्या समीकरणावर आहे : श्रम म्हणजे कालावधी गुणिले प्रमाण. श्रम तासांत मोजावयाचे, प्रमाण शेकड्यात. माणूस पूर्ण वेळ कामावर असेल तर प्रमाण १०० टक्के.

उदाहरणार्थ, अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या उपनगरांतील मराठी बोलण्याचे ध्वनिमुद्रण करून ते लिहून काढण्याचा एक प्रकल्प कल्पावा. लेखनाच्या एका भागास ४० तासांचे श्रम लागणार आहेत, आणि लेखनिक रोज सकाळी ८ ते १२ असे चार तास येणार आहे. त्याचे ‘अर्धेपण’ दोन ठिकाणी नोंदविता येते. प्रमाण ५० टक्के लिहिले, तर नेहमीच्या आठ तासांच्या दिवसातून चार तास धरले जाऊन काम १० दिवसांत संपते. प्रमाण १०० टक्के ठेवून त्याच्या स्वतंत्र दिनदर्शिकेत सकाळचे चार तासच कामाचे ठरविले, तरीही १० दिवसच लागतात. उत्तर एकच, अर्थ मात्र निराळे. पहिल्या नोंदीनुसार तो दिवसभर अर्ध्या जोमाने काम करणारा माणूस आहे. दुपारी तीन वाजताचे काम त्याच्याकडे दिले तरी यंत्र हरकत घेत नाही. दुसऱ्या नोंदीनुसार दुपारी तो नाहीच. सावधगिरी म्हणून कोणी दोन्ही ठिकाणी नोंद केली, तर अर्ध्याचे अर्धे होते : रोजचे दोनच तास उरतात आणि काम २० दिवसांवर जाते.

सोमवार, बुधवार व शुक्रवार असे तीन पूर्ण दिवस येणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा भेद उघड होतो. पाच दिवसांच्या आठवड्यात त्याचे प्रमाण ६० टक्के येते. गुरुवारी सकाळी सुरू व्हावयाचे चार तासांचे काम त्याला दिल्यास प्रमाणाच्या हिशेबाने ते गुरुवारीच संपते. प्रत्यक्षात तो शुक्रवारी येतो. त्याच्या कामावर अवलंबून असलेला सहकारी मात्र गुरुवारी संध्याकाळी वाट पाहत बसतो.

‘दिवस’ हा शब्दही असाच फसवा आहे. मूळ मांडणीत यंत्राचा एक दिवस आठ तासांचा असतो. “पाच दिवस लागतील” असे सकाळचा लेखनिक म्हणतो तेव्हा त्याच्या मनात २० तास असतात. श्रमांच्या रकान्यात ‘५ दिवस’ लिहिले की यंत्र ४० तास समजते. उलट, कालावधीच्या रकान्यात आधी ५ दिवस लिहून मग ५० टक्के प्रमाणाने माणूस नेमला, तर यंत्र काम १० दिवसांपर्यंत लांबवीत नाही. कालावधी तसाच ठेवून श्रमच २० तासांवर आणते. ४० तासांचे काम असे निम्मे झाले, तरी पडद्यावर तक्रारीची खूण उमटत नाही. म्हणून अर्धवेळ माणसाच्या कामात श्रम प्रथम तासांत लिहावेत, श्रम स्थिर राहतील असा कामाचा प्रकार निवडावा, आणि उपस्थिती दिनदर्शिकेत नोंदवावी. माणूस आपल्या उपस्थितीतील काहीच वेळ या कामास देणार असेल, तरच प्रमाण कमी करावे.

या काटेकोरपणाचे खरे कारण गणिताबाहेर आहे. अर्धवेळ माणसाचा उरलेला अर्धा वेळ रिकामा असतो, अशी आखणाऱ्याची नकळत समजूत असते. महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे उदाहरण विद्यापीठीय वाचकास परके नाही. त्यांना घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळते, आणि त्यामुळे अनेकांना एकाहून अधिक ठिकाणी शिकवावे लागते. सकाळी बोरिवलीस आणि दुपारी मुलुंडास तास असणाऱ्या अध्यापकास रेल्वेने जावयाचे तर बोरिवली ते अंधेरी पश्चिम रेल्वे, अंधेरी ते घाटकोपर २०१४ साली सुरू झालेली मेट्रो, आणि तेथून मुलुंडपर्यंत मध्य रेल्वे अशी तीन वाहने बदलावी लागू शकतात. दोन्ही ठिकाणची वेळापत्रके स्वतंत्रपणे बिनचूक असू शकतात. मधला प्रवास कोणाच्याच कोष्टकात नसतो. स्वतंत्र फायलींत आखलेल्या दोन प्रकल्पांचेही असेच होते. माणसांची सामाईक यादी दोहोंस जोडल्याखेरीज एकाच माणसावर पडलेला दुहेरी भार यंत्रास दिसत नाही. आणि दुसरी संस्था परकी असेल तर ती यादी जोडणेही शक्य नसते. तेव्हा त्या माणसालाच विचारून त्याचे मोकळे तास दिनदर्शिकेत उतरविणे, हाच एक मार्ग राहतो.

प्रमाणाचा आकडा माणूस किती मिळेल एवढेच सांगतो; तो केव्हा मिळेल हे दिनदर्शिका सांगते. पहिल्या नोंदीवर संतुष्ट राहिल्यास दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेळापत्रकाऐवजी त्या अर्धवेळ माणसास द्यावे लागते, आणि तेही आपल्या पदरच्या वेळातून.