विश्लेषण : डोंगराआडची शत्रूची तोफ ‘स्वाती’ रडार कशी शोधते?

तोफगोळा येऊन पडतो, तेव्हा तो डागणारी तोफ अनेकदा दहा-पंधरा किलोमीटरवर, डोंगरापलीकडे असते. दुर्बिणीतून ती दिसत नाही. मग प्रत्युत्तर द्यायचे कुठे? हे सांगणारे यंत्र म्हणजे शस्त्रशोधक रडार, अर्थात वेपन लोकेटिंग रडार.

भारताला गरज कधी भासली?

१९९९ च्या कारगिल युद्धात. पाकिस्तानकडे अमेरिकी बनावटीची ‘एएन/टीपीक्यू-३६’ रडार होती. भारताकडे लांबच्या तोफा हुडकणारे तसे रडार नव्हते. शत्रूच्या तोफा आणि उखळी तोफांच्या माऱ्यात अनेक जवान शहीद झाले. त्यानंतर अमेरिकेकडून ‘एएन/टीपीक्यू-३७’ रडार घेण्यात आली. पुढे ‘डीआरडीओ’च्या बेंगळूरु येथील प्रयोगशाळेने ‘स्वाती’ विकसित केले. भारत इलेक्ट्रॉनिक्सने (बीईएल) बनवलेले हे रडार मार्च २०१७ मध्ये लष्कराकडे सुपूर्द झाले.

हे काम कसे चालते?

रडार क्षितिजाच्या किंचित वर रेडिओ लहरींचे जणू अदृश्य कुंपण घालते. गोळा ते ओलांडून वर गेला, की त्यावर आदळून लहरी परततात. ३० किलोमीटरवरून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा अवघा पाच हजारावा भाग लागतो. त्यामुळे काही सेकंदांतच गोळ्याच्या मार्गावरचे अनेक बिंदू मिळतात. गुरुत्वाकर्षण आणि हवेचा अवरोध लक्षात घेऊन संगणक ते जोडतो. ही वक्ररेषा मागे वाढवली की तोफेची जागा मिळते. पुढे वाढवली की गोळा कुठे पडणार ते कळते. तोफ किती उंचीवर आहे, यावर मागची रेषा कुठे थांबवायची ते ठरते. म्हणूनच डोंगराळ भागात अचूक डिजिटल नकाशा आवश्यक असतो.

पल्ला किती?

८१ मिमी उखळी तोफेचा गोळा २० किलोमीटरपर्यंत, १०५ मिमी किंवा मोठ्या तोफेचा ३०, तर रॉकेट ४० किलोमीटरपर्यंत टिपता येते. लहान गोळ्यावरून लहरी कमी परततात, म्हणून त्याचा पल्लाही कमी. एका वेळी सात लक्ष्यांचा माग काढता येतो.

मर्यादा कोणत्या?

रडार स्वतः लहरी सोडते, त्यामुळे शत्रूलाही त्याचा ठावठिकाणा लागू शकतो. म्हणूनच ते ट्रकवर बसवलेले असते. थोडा वेळ चालू ठेवायचे, मग जागा बदलायची. शत्रूची तोफही गोळे डागून लगेच हलते. त्यामुळे रडारने दिलेली जागा आपल्या तोफांपर्यंत किती लवकर पोहोचते, हे निर्णायक ठरते.

पुढे काय?

२०२० मध्ये आर्मेनियाने चार ‘स्वाती’ रडारची मागणी नोंदवल्याचे वृत्त आले. मार्च २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने मैदानी प्रदेशासाठी आणखी १२ रडारचा ९९० कोटी रुपयांहून अधिकचा करार ‘बीईएल’शी केला. हे रडार आलेला गोळा अडवू शकत नाही. मात्र तोफेची जागा वेळेत कळली, तर पुढचे गोळे थांबवता येतात.